पिपा किती दिवस पुरतो?

अमरावतीच्या मालटेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये सध्या दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाला डॉक्टरांनी ‘तेल-तूप कमी करा’ असं सांगितलं आणि त्यांनी ते ‘बंद करा’ असं ऐकलं. ही मंडळी वांग्याची भाजी पाण्यात शिजवून खातात आणि दिवसभर घरच्यांवर चिडतात. दुसऱ्या पक्षाला मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, की तूप म्हणजे अमृत, खाल तेवढं कमीच. ते चहातसुद्धा चमचाभर तूप टाकतात. रक्ततपासणीचे अहवाल आले, की दोन्ही पक्ष एकमेकांना गाठून विचारतात, ‘किती निंगालं बापा?’ पहिल्याचं कोलेस्टेरॉल कमी निघालं तर त्याची छाती फुगते, दुसऱ्याचं कमी निघालं तर तुपाचा जयजयकार होतो.

या भांडणात एक गोष्ट कुणीच विचारत नाही. कोणतं तेल, किती, आणि कितीदा तापवलेलं?

आधी ‘बंद’वाल्यांशी बोलू. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्याने उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेला आहार देऊन पाहिला आणि १९२९ साली त्याचे निष्कर्ष छापले. बाकी सगळं पोटभर मिळत असूनही उंदरांची वाढ खुंटली, कातडी आणि शेपटीवर खवले धरले, पुढे ते दगावले. काही मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिडं, शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात, हे तेव्हा कळलं. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांतच विरघळतात. अंबाडीच्या किंवा घोळाच्या भाजीतलं कॅरोटीन, म्हणजे ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं ते द्रव्य, भाजीला तेलाचा हात लागला तरच नीट अंगी लागतं. भाकरीवर तिखट आणि तिखटावर कच्च्या गोड्या तेलाची धार, ही वऱ्हाडी न्याहारी काही अडाणीपणाची नव्हती.

आता तूपवाल्यांशी. एक ग्रॅम पिठुळ पदार्थ किंवा प्रथिनं ४ उष्मांक देतात, तर एक ग्रॅम तेल किंवा तूप ९. म्हणजे चमचा लहान दिसला तरी हिशोब दुपटीहून मोठा. शिवाय तुपातला निम्म्याहून अधिक भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लांचा असतो आणि ती रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढवतात. रोडग्यांच्या पंगतीत वाटीभर तूप घेणारा आजोबा पहाटेपासून वखरामागे चालायचा. त्याचा नातू स्कूटरवरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत येतो आणि दोन चकरा मारतो. तूप तेच असलं तरी माणूस तो राहिलेला नाही.

खरं म्हणजे तेल शिकायला वऱ्हाडासारखी शाळा नाही. खाण्यातल्या मेदाम्लांचे मुख्य प्रकार आपल्याच शेतात पिकत होते. भुईमुगाच्या तेलात जवळपास निम्मा वाटा एकअसंपृक्त मेदाम्लांचा, तो हृदयाला मानवणारा. तिळाच्या तेलात एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त साधारण बरोबरीने. करडईच्या जुन्या वाणांच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. आणि जवस तर या सगळ्यांत निराळा. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३. मासे न खाणाऱ्या माणसाला ते इतक्या प्रमाणात दुसरीकडे सहसा मिळत नाही. त्यातला थोडाच भाग शरीर माशांतल्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकतं, तरी रोज चमचा-दोन चमचे जवसाची चटणी खाणाऱ्या शाकाहारी माणसाचं पारडं इतरांहून जडच राहतं. भाजलेलं जवस बारीक कुटून खायचं, कारण अख्खा दाणा पचत नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. आणि चटणी थोडी-थोडीच करायची, कारण हे तेल हवेत लवकर खवट होतं. रंगकामात जवसाचं तेल वापरतात ते याच गुणामुळे, हवेत ते सुकून घट्ट होतं. म्हणूनच त्यात तळण कधी काढू नये.

ही पिकं गेली कुठे? करडई रब्बी ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या कडेने पेरली जायची. तिच्या काट्यांमुळे ढोरं आत शिरत नसत आणि घराला तेलही मिळे. काढणीला मात्र हात सोलून निघायचे. मजूर मिळेना तसं क्षेत्र घटत गेलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘एकेएस-२०७’, ‘पीकेव्ही पिंक’ असे करडईचे वाण दिले, पण तोवर शेतकऱ्याचं लक्ष सोयाबीनवर गेलेलं होतं. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के. लाकडी घाणीतून ते काढणं परवडत नाही, त्याला द्रावक वापरणारा कारखाना लागतो. तीळ, जवस, शेंगदाणे गावच्या घाणीत जायचे, तेल घरी यायचं आणि ढेप गोठ्यात. आता दाणा मंडीत जातो आणि तेल पिशवीतून परत येतं. सोयाबीनचं तेल वाईट आहे असं मुळीच नाही, त्यात थोडं ओमेगा-३ सुद्धा असतं. अडचण अशी, की ज्या ताटात चार बियांचं तेल फिरून-फिरून यायचं, त्यात बारा महिने एकच तेल आलं.

वऱ्हाडच्या तेलाची गोष्ट सरकीशिवाय पुरी होत नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. रुई विलायतेला गेली, सरकी ढोरांपुढे आली. तिकडे अमेरिकेतही सरकीचे डोंगर साचत होते. सरकीच्या तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायची युक्ती सापडली आणि १९११ साली तिथे ‘क्रिस्को’ नावाचं स्वस्त, न विटणारं, चरबीसारखं दिसणारं घट्ट तेल बाजारात आलं. आपल्याकडे त्याच युक्तीने १९३७ मध्ये ‘डालडा’ आला. १९४५ साली शेजारच्या खानदेशात, अमळनेरला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिलाच आज जग विप्रो म्हणून ओळखतं. लग्नाची बुंदी, दिवाळीच्या शंकरपाळ्या आणि हॉटेलातला शिरा, सगळं याच डब्यावर पोसलं. तूप परवडत नव्हतं त्याला तुपाचा भास मिळाला.

त्या भासाची किंमत पुढे कळली. तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स मेदाम्लं तयार होतात. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं घटवतात, म्हणजे दोन्हीकडून मार. भारताच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. खाद्याच्या बाबतीत इतका स्पष्ट उपकार कायद्याने क्वचितच केला असेल. सरकीचं तेल मात्र शुद्ध करूनच खायचं असतं, कारण सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते शुद्धीकरणातच निघतं. ‘घाणीचं ते सगळं चांगलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापलेलं असतं, त्यालाही भुलू नये. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच असतं. वाचायचंच तर मागच्या बाजूचा तक्ता वाचावा. संपृक्त किती आणि ट्रान्स किती, हे तिथे लिहिलेलं असतं. बिस्किटांच्या पुड्यावर ‘पाम तेल’ दिसलं, तर त्यातलं जवळपास निम्मं संपृक्त आहे असं धरून चालावं.

आता हिशोब करू, आणि तो आपल्याच मापाने करू. आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत तेलाचा पिपा येतो, १५ किलोचा. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे, वरचं तेल-तूप पुरेसं आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला दिवसाचे १०० ग्रॅम झाले, महिन्याचे ३ किलो. या हिशोबाने पिपा पाच महिने पुरायला पाहिजे. तुमचा किती दिवस पुरतो? नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला दरडोई तेलाचा खप वर्षाला १९.७ किलो दिला आहे. म्हणजे माणशी दिवसाला ५४ ग्रॅम. त्याच चौघांच्या घरात हा पिपा अडीच महिनेही टिकणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल १० टक्के कमी करा म्हणून आवाहन केलं होतं. आकडा पाहिला तर ते फारच मवाळ मागणं होतं.

शिवाय पाच महिन्यांच्या हिशोबात बाहेरचं खाणं धरलेलं नाही. शेगावची कचोरी, अमरावतीचा गिला वडा, मुंगोडी, आलूबोंडा आणि पोह्यांवरची तर्री हे सगळं दुसऱ्याच्या पिप्यातून येतं. दुधातली साय, शेंगदाणे, तीळ, अंडी, मटण यांतली चरबी तर डोळ्यांना दिसतही नाही. आपल्या अचलपूरच्या नावाने ओळखली जाणारी एलिचपुरी म्हैस घ्या, तिच्या दुधात ७ टक्क्यांवर स्निग्धांश असतो. म्हणून बाहेर खाणाऱ्यांचा घरचा पिपा पाच महिन्यांहून जास्त टिकायला हवा.

बाहेरच्या खाण्यात मला कचोरीहून कढईची काळजी जास्त वाटते. सकाळी ओतलेलं तेल रात्रीपर्यंत उकळत राहतं, कमी झालं की वरून नवं पडतं, जुनं काही निघत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक द्रव्यं साचत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, की ते तेल वापरायला कायद्याने मनाई आहे. ते यंत्राने मोजता येतं, पण गिऱ्हाइकाला यंत्राची गरज नाही. तेल काळं आणि दाट झालं असेल, फेस बसत नसेल, धूर डोळ्यांना झोंबत असेल, तर समोसा कितीही खमंग दिसला तरी पुढे चालावं. घरीसुद्धा तळणाचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं, पुन्हा तळणाला लावू नये.

एवढं सगळं कमी करा, कमी करा म्हणताना अमरावती जिल्ह्याचाच दुसरा भाग विसरता येत नाही. परतवाडा मागे टाकून घाट चढला, की मेळघाट लागतो. तिथले बालमृत्यू १९९३ साली देशभर गाजले आणि कुपोषणाचा प्रश्न अजून संपलेला नाही. लहान लेकराचं पोट मुठीएवढं असतं. पातळ पेजेने ते भरतं, पण त्यातून वाढीला पुरेल एवढी शक्ती मिळत नाही. त्याच पेजेत एक लहान चमचा तेल पडलं, तर पोटावर भार न वाढता ४५ उष्मांक वाढतात. अतितीव्र कुपोषित मुलांना देतात त्या शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टमध्ये निम्मी शक्ती स्निग्ध पदार्थांतूनच येते. दोन वर्षांखालच्या मुलाच्या मेंदूची घडण चालू असते, त्याला तेल-तुपाचा तोटा पडू देणं हा सरळ अन्याय आहे. शहरातल्या काही हौशी आया स्वतःबरोबर लेकराचंही तूप बंद करतात, त्यांनीही हे ऐकावं.

म्हणून मालटेकडीवरच्या दोन्ही पक्षांना माझा एकच निकाल आहे. तेल शत्रू नाही आणि तूप औषध नाही. मोठ्यांनी मोजून खावं, लहानांना कमी पडू देऊ नये. एका तेलाला वर्षभर चिकटून राहू नये, या महिन्यात शेंगदाण्याचं आणलं तर पुढच्या महिन्यात करडईचं किंवा सोयाबीनचं आणावं. तूप वरणभातावर चमचाभर घ्यावं. जवसाची चटणी ताटात रोज असावी. आणि ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी येत्या रब्बीत हरभऱ्याच्या कडेने करडईच्या दोन ओळी आणि घरापुरतं जवस पेरावं. ढोरं आत येणार नाहीत, आणि घरचं तेल घरी येईल.