'पगार' फारसी नव्हे



'पगार' हा शब्द फारसीतून आला, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. फारसीने आपल्याला 'तनखा' दिला, 'पगार' पोर्तुगिजांचा. त्यांच्याकडे ते क्रियापद आहे, अर्थ 'पैसे चुकते करणे'. शेवटचा 'आर' हा तिथला 'णे'. म्हणजे आपण त्यांचे क्रियापद उचलले आणि बिनदिक्कत नाम करून टाकले! स्पॅनिशमध्येही 'पगार', इटालियनमध्ये 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये', इंग्रजीत 'पे'. सगळ्यांचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. त्यामागे 'पाक्स', शांतता. देणे फेडले की सावकार गप्प बसतो, तिथून अर्थ पैशाकडे वळला.

रोमन शिपायांना पगारात मीठ मिळे, असेही पत्रलेखकांनी जाता जाता ठोकून दिले आहे. 'सॅलरी'चे नाते लॅटिनमधल्या मिठाशी आहे खरे, पण शिपायांना मीठ मोजून दिल्याचा थेट पुरावा प्राचीन ग्रंथांत नाही.

'पगार'चा परकेपणा वापरातही दिसतो: आपल्या खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) 'साल' ठरते, त्याला कोणी पगार म्हणत नाही. पगार गिरणीतल्या नि कचेरीतल्या माणसाचा.

हा वाद धुळ्यात व्हावा, याची गंमत वाटते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथेच वारले; त्यांचा व्युत्पत्तिकोश इथल्याच राजवाडे संशोधन मंडळाने काढला. राजवाड्यांना संस्कृत मुळांचा सोस होता, हे मान्य. मग पत्रलेखकांनी निदान कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्तिकोश' तरी उघडावा.

— एक निवृत्त शिक्षक, देवपूर, धुळे