चित्रकलेचा तास आणि माणसाची सोय

परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकातील चित्रकलेच्या तासावर प्रथम गदा येते. तो तास गणिताकडे जातो आणि पालकही समाधान मानतात. चित्रकला म्हणजे फावल्या वेळचा छंद, हा समज त्यामागे आहे. तो आपणांस किती महाग पडतो, याचा विचार मात्र होत नाही.

रेखाटन म्हणजे आधी नीट पाहणे. घरात नित्य हाताळला जाणारा तांब्या कागदावर काढू लागले की गळ्यापाशी हात थबकतो. हा गळा अरुंद का, काठ बाहेर का वळलेला, हे प्रश्न तेव्हाच पडतात. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ च्या आपल्या अहवालात याच लोट्याचा दाखला दिला होता. त्यात पाणी किती मावावे, तो वाहून कसा न्यावा, ओतताना तोल कसा राहावा, तो घासावा कसा, त्याची किंमत काय, असे प्रश्न त्यांनी मांडले. या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

हे प्रश्न वेळीच विचारले तर काय साधते, हे जयपूरने दाखविले. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय खुर्ची आणि बूट गृहीत धरून घडविलेला होता. उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा उपयोग बेताचाच. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा ‘जयपूर फूट’ घडविला, तो या माणसाचे जगणे पाहून.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात एक मूलभूत मुद्दा आहे. वस्तूची किंमत पावतीवर येते. गैरसोयीची किंमत कोणत्याच जमाखर्चात येत नाही. बसची उंच पायरी, कमरेत वाकावयास लावणारी कचेरीची खिडकी, पाठ अवघडविणारा बाक यांचा भुर्दंड वापरणारा रोज भरतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्यास तो दिसत नाही.

मग सर्वांनीच चित्रकार व्हावे काय, असे कोणी विचारील. सर्वांना गणिती व्हावयाचे नसते, तरी हिशेब आपण सर्वांना शिकवितोच. शासकीय रेखाकला परीक्षा आपल्याकडे आहेत. परंतु वाढीव गुणांच्या ओढीने त्यांतील पाहणे मागे पडते. महिन्यातून एकदा तरी विद्यार्थ्यांना पाणवठ्यावर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या ओसरीवर न्यावे. कोण कोठे वाकतो, कोण कोठे ताटकळतो, हे त्यांनी रेखाटावे. उद्या यांतलेच काहीजण अभियंते आणि अधिकारी होतील. अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी त्यांना त्या पायरीशी अडखळलेली म्हातारी आठवली, तरी चित्रकलेचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.