दुधाचे दात, थंड पेय आणि बोअरचे पाणी

“दुधाचेच दात आहेत डॉक्टर, पडणारच की!” गाल सुजलेल्या मुलाला घेऊन आलेल्या पालकांकडून हे वाक्य सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या की मूल नीट चावत नाही, ठणक्याने रात्री झोपत नाही. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या, तर मागून येणारे दात वेडेवाकडे येऊ शकतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे उगवणारी दाढ कायमची असते. तीही ‘दुधाची’ समजून सोडून दिली जाते.

कीड लागते ती साखरेमुळे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दातांचे कठीण आवरण झिजू लागते. २५० मिलीच्या कोलाच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरची साखर एकूण उष्मांकाच्या पाच टक्क्यांच्या आत असणे उत्तम. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी हे दिवसाला १५ ते २० ग्रॅम होते. एका बाटलीतच मर्यादा ओलांडली! त्यातही घोट घोट करत तासभर पिणे अधिक घातक, कारण दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. ‘फळांचे’ म्हणून विकली जाणारी गोड पेयेही याला अपवाद नाहीत.

आता फ्लोराइड. ते योग्य प्रमाणात दातांना बळकट करते, जास्त झाले तर बिघडवते. अमेरिकेत १९४५ पासून नळाच्या पाण्यात ते मिसळले जाते आणि त्यावरचे वाद आपल्या मोबाइलवरही येऊन पोहोचतात. आपला प्रश्न मात्र उलटा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत खोल बोअरच्या पाण्यातच ते जादा आहे. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी जादा फ्लोराइडचे पाणी सतत प्यायल्यास कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत. पुढे हाडेही आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. फ्लोराइड चांगले की वाईट, हे आधी पाणी तपासल्याशिवाय ठरवू नये. ग्रामपंचायतीने प्रत्येक बोअरचा अहवाल शाळेच्या फलकावर लावावा आणि जादा फ्लोराइडचा बोअर पिण्यासाठी बंद करून दुसरे पाणी द्यावे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्येच झाला आहे. तो पाळला जातो का, हे पालकसभेने विचारावे.

घरी रात्री झोपताना दात घासून द्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. ती गिळू देऊ नका. पाण्यात फ्लोराइड जादा असेल, तर पेस्ट कोणती हे दंतवैद्यांना विचारा. आणि तहान लागली की मुलाच्या हाती बाटली नको, पाण्याचा पेला द्या. मात्र ते पाणी तपासलेले असू द्या.