जुनी मोटार, नवी ताकद आणि कायद्याची वेस

पिंपरी, भोसरी आणि चाकण या पट्ट्याने देशाला मोटारी दिल्या. टेल्को, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र अशी नावे येथील रस्त्यांच्या पाट्यांवर आणि कामगारांच्या ओळखपत्रांवर दिसत आली. यंत्राची जाण असलेला तरुण येथे घरोघरी सापडतो. साहजिकच वेगवान, दमदार मोटारीची हौसही येथे आहे. मात्र ती पगाराच्या चौकटीत बसवावी लागते. त्यामुळे जुनी मोटार घ्यायची आणि ती गॅरेजमधून ‘तयार’ करून घ्यायची, हा मार्ग अनेकांना जवळचा वाटतो. या मार्गावर पैसा कोठे वाचतो, कोठे बुडतो आणि कायदा कोठे आडवा येतो, याचा विचार मात्र बहुधा व्यवहार झाल्यानंतर होतो.

‘मसल कार’ ही कल्पना मूळची अमेरिकेची. १९६४ च्या पाँटियॅक जीटीओपासून ती रुजली, असे सामान्यतः मानले जाते. मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणांच्या आवाक्यात ठेवायची, हे तिचे सूत्र होते. भारतात मात्र हे सूत्र उलटले. फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग येथे आणली, ती सुमारे ६५ लाख रुपयांना. म्हणजे मसल कारचा देह आला, पण तिचा आत्मा असलेली स्वस्ताई आली नाही. तो आत्मा शोधायचा तर या परिसरातच बनलेल्या एका लहान मोटारीकडे पाहावे लागते.

चाकणची पोलो

फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्‌घाटन मार्च २००९ मध्ये झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून पोलो बाहेर पडू लागली. २०१३ मध्ये आलेल्या ‘जीटी टीएसआय’मध्ये १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गतींचा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकषांबरोबर १.० लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि दुहेरी क्लचची जागा सहा गतींच्या टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सने घेतली. २०२२ मध्ये पोलोचे येथील उत्पादन थांबले. तेव्हापासून ही मोटार केवळ जुन्या बाजारातच मिळते.

याच वर्गात रांजणगावला तयार झालेली, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो येते. फियाटने भारतातील मोटारविक्री आवरती घेतल्याने तिच्या सुट्या भागांचा प्रश्न बिकट आहे. २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (२०१७) ताकदीने सरस असली, तरी तिचे टायर, ब्रेक आणि विमा यांचा खर्च मोटारीच्या मूळ किमतीच्या हिशेबानेच येतो. जुनी झाल्याने मोटार स्वस्त होते. तिचा सांभाळ स्वस्त होत नाही. मर्यादित पैशात निवड करणाऱ्याने हा भेद आधी लक्षात घ्यावा.

गिअरबॉक्स काय सांगतो?

पोलो जीटीची पहिली आवृत्ती घेताना कळीचा मुद्दा ठरतो तो गिअरबॉक्स. त्यातील क्लच कोरडे असतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी तेल नसते. संथ, रखडत्या वाहतुकीत क्लच सतत घसरतो आणि तापतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतची रोजची कोंडी पाहता, अशा वाहतुकीत पाच-सात वर्षे चाललेल्या मोटारीच्या क्लचवर किती ताण आला असेल, याची कल्पना करता येते. याच कुटुंबातील गिअरबॉक्समुळे २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांहून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यामुळे मीटरवरील किलोमीटरपेक्षा अधिकृत सर्व्हिसची नोंद महत्त्वाची. मोटार थंड असताना आणि पुरेशी तापल्यावर, अशी दोनदा ती संथ गतीत चालवून पाहावी; पहिल्या-दुसऱ्या गतीत धक्के जाणवले, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे ‘रिमॅप’ करून, ताकद वाढवता येते. विक्रीपूर्वी मूळ आज्ञावली पुन्हा भरली की वरवर काहीच दिसत नाही. पण वाढीव ताकदीने क्लच, टर्बो आणि टायर यांची झालेली झीज परत भरून येत नाही. पहिल्या मालकाच्या हौसेचे बिल दुसऱ्याच्या खिशातून भरले जाते, ते असे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. रंग बदलणे किंवा मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवणे यांसाठी आरटीओच्या नोंदीचा रस्ता आहे. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी मात्र सामान्य मालकाला असा व्यवहार्य रस्ता नाही. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बदल कायदेशीर ठरला, हा समजही चुकीचा आहे. शिवाय असा बदल विमा कंपनीपासून लपवला, तर अपघातानंतर स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची टांगती तलवार राहते.

कागदपत्रांची बाजूही तितकीच गंभीर आहे. मोटार विकली, पण आरसी बुकावरील नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. म्हणून ‘नाव नंतर करू’ हे वाक्य विकणाऱ्याने तरी ऐकून घेऊ नये. घेणाऱ्याने कर्जाचा बोजा, थकीत ई-चलन आणि चॅसिस क्रमांक पडताळल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मोटार ‘एमएच १४’ व्यतिरिक्त अन्य कार्यालयाकडील असेल, तर तेथील ना हरकत प्रमाणपत्राची चौकशीही आधीच करावी.

पैसा कोठे घालावा?

मग कायद्याच्या आत राहून काय उरते? बरेच काही. चांगल्या प्रतीचे, कंपनीने मान्य केलेल्या मापाचे टायर, नवे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर व बुश, स्वच्छ इंधन प्रणाली, काटेकोर चाक जुळणी. या कामांना दिखाऊपणा नाही. पण सात-आठ वर्षांच्या मोटारीतील फरक घाटातल्या पहिल्याच वळणावर कळतो. खरेदीसाठी ठेवलेल्या रकमेतील पाचवा हिस्सा या कामांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आवाज वाढवणारा सायलेन्सर दंडाला निमंत्रण देतो. ब्रेक मात्र जीव वाचवतो.

तरीही एक विसंगती उरतेच. वाहनांना प्रमाणित करणारी एआरएआय पुण्यात आहे, सीआयआरटी भोसरीत आहे आणि सूक्ष्म जुळणी जाणणारे कुशल हात याच औद्योगिक वसाहतीत आहेत. जर्मनीत केलेला बदल तज्ज्ञांकडून तपासून घेता येतो आणि मान्य झाल्यास वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवता येतो. आपल्याकडे वैयक्तिक मालकासाठी असे परवडणारे दार नसल्याने हे काम मागच्या दाराने चालते. त्यात ना दर्जाची हमी, ना जबाबदारीची. बंदी कायम ठेवायची की तपासणीची सोय करायची, हे सरकारने ठरवायचे आहे. तो निर्णय होईपर्यंत हौशी ग्राहकाने आपली पुंजी अश्वशक्तीऐवजी सुस्थितीवर लावावी, यातच त्याचे आणि रस्त्यावरील इतरांचे हित आहे.