एअरबॅगचा दिवा आणि जॉब कार्ड

१ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीला चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढे २०२१ संपेपर्यंत चालकाशेजारच्या सीटलाही ती आली. त्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे आणि त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी आपल्याकडे, पुण्यातल्या धायरी फाटा, नऱ्हे, सिंहगड रस्त्यावरच्या गॅरेजांत येऊ लागल्या आहेत. मीटरवरचा लाल दिवा विझत नाही, ही तक्रार त्यामुळे वाढणारच. गिऱ्हाईक म्हणतं, "तेवढा लाइट घालवून द्या." या अंकात आम्हाला त्या एका वाक्याविषयी बोलायचे आहे.

दिवा घालवणे अवघड नाही. कंट्रोल युनिट प्रत्येक बॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स मोजत असते. तो साधारण दोन-तीन ओहम असतो. तेवढ्याच किमतीचा रेझिस्टर कनेक्टरमध्ये खोचला की युनिटची समजूत पटते आणि दिवा विझतो. काही ठिकाणी तर दिव्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडून देतात. ब्रेक कच्चे राहिले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येते, एसी गार झाला नाही तर तासाभरात फोन येतो. एअरबॅगचे काम मात्र गिऱ्हाइकाला तपासताच येत नाही. ते तपासले जाते फक्त धडकेत. आपल्या गाड्या कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरतात. त्याच उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ताबा सुटलेल्या एका ट्रकमुळे चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले होते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: बॅगच्या जागी रेझिस्टर ठेवून गाडी परत देणे ही फसवणूक आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे.

खरे निदान बहुतेक वेळा फार खर्चिकही नसते. आधी बॅटरी पाहावी. व्होल्टेज उतरल्यावर किंवा जंप-स्टार्ट केल्यावर दोषाचा कोड पडू शकतो. मग एसआरएस, म्हणजे एअरबॅग यंत्रणा, वाचणारा स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा आणि त्यानंतरच तो पुसावा. कोड सर्किट सांगतो, सुटा भाग सांगत नाही, हे विसरल्यामुळे किती चांगल्या बॅगा उगाच बदलल्या जातात! चालकाच्या बॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त आला तर दोष बॅगेत असेल, क्लॉक स्प्रिंगमध्ये (स्टीअरिंगखालच्या गुंडाळलेल्या पट्टीत) असेल, कनेक्टरमध्ये असेल किंवा तारेत असेल. त्याच वेळी हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणेही बंद असतील तर संशय सरळ क्लॉक स्प्रिंगवर जातो. दिवा कधी लागतो, कधी जातो, सीट मागेपुढे केली की हमखास लागतो, अशा गाडीत सीटखालचा पिवळा कनेक्टर पाहावा. सीट कव्हर बसवताना तो ओढला जातो, सीटखाली कोंबलेली छत्री-बाटली त्याला धक्का देते, उंदीर तार कुरतडतात. आणि पाणी. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरवर कोरडी झाली तरी सीटखालच्या पिना हिरव्या पडत राहतात आणि दिवा काही महिन्यांनी लागतो. अशी गाडी आली की ती पाण्यात होती का, हे आधी विचारावे.

हात लावण्यापूर्वी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि मग वाट. युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. कुठल्या गाडीत मिनिटभर थांबावे लागते, कुठल्यात दहा मिनिटे, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावे, अंदाज करू नये. मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प बॅगच्या टर्मिनलला कधीही लावू नये, कारण त्यातून जाणारा करंटही बॅग उडवू शकतो. बॅगऐवजी डमी लोड जोडून सर्किट तपासावे. रेझिस्टरची जागा इथे आहे, तपासणीपुरती. सुटी बॅग कव्हर अंगापासून दूर धरून न्यावी आणि टेबलावर कव्हर वर करून ठेवावी. क्लॉक स्प्रिंग बसवताना चाके सरळ आणि स्प्रिंग मध्यावर हवी, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणाला नवा भाग तुटतो. बॅटरी परत जोडताना गाडीत कुणी बसलेले नसावे.

अपघातात बॅग उघडलेली गाडी हा वेगळा विषय आहे. तिथे कंपनीची सूचना पाळावी. बहुतेक कंपन्या बॅगसोबत कंट्रोल युनिट आणि ओढले गेलेले सीट बेल्टही बदलायला सांगतात. भंगारातली बॅग स्वस्त मिळते, पण ती किती वर्षे ओलाव्यात आणि उन्हात पडली होती, हे विकणारा सांगू शकत नाही. ताकाता कंपनीच्या बॅगांमधले अमोनियम नायट्रेट ओलावा आणि उष्णतेने खराब होऊन धातूचे तुकडे उडाले, माणसे दगावली, आणि जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या.

खर्च सांगण्याआधी चेसिस नंबर टाकून रिकॉल तपासणेही आपलेच काम आहे. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या. रिकॉलमध्ये तो भाग फुकट मिळतो, त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नसतात.

गाडी कंपन्यांनाही सांगणे आहे. केंद्राचे राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, पण एअरबॅगच्या वायरिंगचे नकाशे आणि थांबण्याच्या वेळा आजही छोट्या गॅरेजवाल्याच्या हाती सहज येत नाहीत. ही माहिती मराठीत आणि परवडणाऱ्या दरात मिळायला हवी.

आणि वाचकांना विनंती. एसआरएस वाचणारा स्कॅनर नसेल तर हे काम घेऊ नका, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी पाठवा. काम घेतलेत तर पडलेला कोड, सापडलेला दोष आणि बदललेला भाग जॉब कार्डवर लिहा. गिऱ्हाइकाने खर्च नाकारला तर दिवा तसाच चालू ठेवा, "एअरबॅग यंत्रणा सदोष, गाडी तशीच परत दिली" असे लिहून त्याची सही घ्या.