सगळ्यांना माहीत असतं, तरीही...

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल मागे टाकलं की डोंगरावर अंगठ्यासारखा सुळका दिसतो. तो कर्नाळा. तुमच्यापैकी अनेकांचा पहिला ट्रेक तिथलाच असेल. या किल्ल्याचं नाव लावणारी पनवेलची कर्नाळा नागरी सहकारी बँकही होती. जून 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि ठेवीदाराला खात्यातून काढता येणारी रक्कम आली 500 रुपयांवर. ऑगस्ट 2021 मध्ये परवानाच रद्द झाला.

असं काही घडलं की आपण म्हणतो, लोकांना आधी कळलं असतं तर ते एकत्र आले असते. खरंच आले असते?

व्हॉट्सअॅपचंच बघा. 'उद्या दहा वाजता गेटवर जमायचंय' हा मेसेज ब्रॉडकास्ट लिस्टवरून पन्नास जणांना गेला, तर प्रत्येकाला तो एकट्यालाच आलाय असं वाटतं. तोच ग्रुपवर टाका. आता बाकीच्यांनाही तो आलाय, हे तुम्हाला दिसतं. तुम्हाला आलाय, हेही त्यांना दिसतं. माहिती तीच, पण जायचं धाडस दुसऱ्या वेळी होतं. मायकेल च्वे या अमेरिकेतल्या अभ्यासकाने 2000 च्या सुमारास नेमकं हेच मांडलं : लांबच्या ओळखींतून बातमी झपाट्याने पसरते, पण एकत्र पाऊल उचलायला एकमेकांना ओळखणाऱ्यांचं घट्ट वर्तुळ लागतं.

बँकेचे ठेवीदार म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टच. शेजारच्याची एफडी कुठे आहे, तुम्हाला माहितीये? नसणारच, आणि बँकही सांगणार नाही. अशा लोकांना बातमी कळली की एकच गोष्ट सोपी असते, गुपचूप आपापले पैसे काढून घेणं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर निघाले. त्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागली नाही. पळायला संघटना लागत नाही हो!

याच पट्ट्यातलं उलट उदाहरण घ्या. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. तेव्हा कोणाच्या खिशात फोन होता? पण गावकी होती. कोणाची किती जमीन जाते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे हेही. सातबारा चावडीवर असतो, पासबुक कपाटात.

कर्नाळा बँकेचे ठेवीदारही रस्त्यावर आले, नाही असं नाही. पण मग ठेव विमा आला. फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती. सुमारे 95 टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असं परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं. चांगलीच गोष्ट. फक्त त्यामुळे गर्दी पांगते, आणि पाच लाखांहून जास्त अडकलेले थोडे जण उरतात, तेही एकमेकांना न ओळखणारे.

सहकारी बँकेत माणसं समोरासमोर येतात अशी एक हक्काची जागा असते, वार्षिक सर्वसाधारण सभा. गंमत म्हणजे तिथे मत असतं सभासदाला, म्हणजे शेअर असलेल्याला. कर्ज घेणाऱ्याला शेअर घ्यावा लागतो. नुसती ठेव ठेवणाऱ्याला तशी सक्ती नाही, म्हणून ज्याचे पैसे आहेत तोच अनेकदा सभेबाहेर राहतो. आजीची किंवा बाबांची एफडी एखाद्या सहकारी बँकेत असेल, तर आज जेवताना विचारा : आपला शेअर आहे का तिथे? आणि मागच्या सभेला कोण गेलं होतं?