नव्वद तास कोणाच्या जिवावर?

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास राबायचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे बोलणे बाहेर आले, त्यात आकडा 90 वर गेला होता. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची त्यांना खंत होती. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा त्यांचा सवाल. यावर विनोद पुष्कळ झाले, आम्हीही हसलो. पण ती बायको त्या वेळात काय करत असते?

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची 88. म्हणजे बायकांचे आठवड्याला जवळजवळ 34 तास. मुलांचे, म्हाताऱ्यांचे करणे यात नाही, ते वेगळे मोजले आहे. नोकरी करणारी बाई याच्या निम्मेच घरकाम करते असे धरू. 48 तासांच्या नोकरीत ते मिळवले की 65 होतात. लोकलमधले उभे राहणे सोडूनच द्या. तिला कोणी कर्तबगार म्हणत नाही. आणि नव्वद तासवाल्याचा डबा कोण भरते, त्याच्या आईला दवाखान्यात कोण नेते?

कामात आनंद नसतो असे आपण कधीच म्हटलेले नाही. पहिला पगार स्वतःच्या हातात पडला तेव्हा काय वाटले, हे आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. पण काम वेगळे आणि तास वेगळे. सोलापूरची विडी कामगार हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेते. दिवस मावळेपर्यंत मान मोडून वळते, कारण कमी वळल्या तर कमी पैसे. जास्त तासांनी आयुष्याचे सार्थक होत असते, तर व्यासपीठावर पहिला मान तिचा असता.

रविवार काही कोणी दान दिलेला नाही. 24 एप्रिल 1890 रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत घेतलेल्या सभेला दहा हजार गिरणी कामगार जमले होते, आणि त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली होती. त्याच वर्षी सुट्टी पदरात पडली. याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. बारा तासांनंतर घरी चूल कोण पेटवणार, हे त्या निर्णयात कुठे आहे?

आता जरा आपल्याकडे. ‘वाहून घेणे’ हा शब्द आपणही फार प्रेमाने वापरतो. गेल्या मेळाव्याच्या तयारीची बैठक रात्री साडेअकराला संपली. आठ वाजता उठून गेलेल्या मैत्रिणीबद्दल मागे जे बोलले गेले, त्यात मीही होते. तिला जाऊन भाकऱ्या थापायच्या होत्या. पुढची बैठक आठच्या ठोक्याला संपवावी, विषय अर्धे राहिले तरी, असे मी सुचवते आहे.